पडणारे दात कशासाठी जपायचे?

मूल सहा-सात महिन्यांचे झाले, की घरातील एखादी वडीलधारी स्त्री त्याला चमच्याने पाणी पाजताना एकाएकी थांबते. चमचा कशावर तरी लागून बारीकसा आवाज झालेला असतो. बोट फिरवून पाहावे, तो खालच्या हिरडीवर तांदळाच्या कणीसारखे काही तरी टोचते. पहिला दात आला, ही वार्ता घरभर होते. वरचा दात आधी आला तर तो मामाला वाईट, अशी जुनी समजूत असल्यामुळे खालचा दात पाहून आजोळीही समाधान होते. वास्तविक बहुतेक मुलांना खालचे पटाशीचे दातच प्रथम येतात. आणि क्वचित वरचे आधी आले, तरी त्यात शुभाशुभ काही नसते.

या पहिल्या दाताचे जेवढे कौतुक होते, तेवढीच पुढे त्याची उपेक्षा होते. "दुधाचेच दात ते, पडायचेच आहेत" हे वाक्य आपल्या देशात निरनिराळ्या भाषांतून ऐकू येते. दंतवैद्यकाच्या अनेक महाविद्यालयांनी मातांना प्रश्न विचारून पाहण्या केल्या आहेत; त्यांतही हा समज वारंवार आढळतो. दात घासावेत, गोड फार देऊ नये, एवढे बहुतेक मातांना ठाऊक असते. परंतु ते केव्हापासून घासावेत, कोणी घासावेत, आणि दात पडणारच असताना हा खटाटोप कशासाठी, हे त्यांना सहसा कोणी समजावून सांगितलेले नसते. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ साली केलेल्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांच्या मुलांपैकी सुमारे निम्म्या मुलांचे दात किडलेले आढळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे ५१ कोटी ४० लाख मुलांचे दुधाचे दात किडलेले आहेत. एवढ्या मुलांना जे दुखणे होते, त्यापैकी बरेचसे टाळता येण्याजोगे आहे.

दुधाचे दात किती काळ काम करतात?

दात हिरडीबाहेर येतो तेव्हा तो जन्मतो असे आपल्याला वाटते. पण त्याची घडण फार आधी सुरू झालेली असते. गर्भ सुमारे सहा आठवड्यांचा असताना दातांचे अंकुर धरू लागतात, आणि चौथ्या महिन्यापासून त्यांत खनिज द्रव्ये साठू लागतात. जन्मानंतर सहाव्या महिन्याच्या सुमारास हे दात दिसू लागून अडीच ते तीन वर्षांच्या आत वीस दातांचा संच पुरा होतो. त्यांत आठ पटाशीचे दात, चार सुळे आणि आठ दाढा असतात.

पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी हलू लागतात, हे सर्वांना माहीत असते. परंतु मागच्या दाढा त्यांच्याबरोबर पडत नाहीत. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास आलेली दुधाची शेवटची दाढ दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहते. म्हणजे जिला आपण तात्पुरती समजतो, तिला आठ-नऊ वर्षे अन्न चावावयाचे असते. दाढ दुखत असली, म्हणजे मूल भाकरी आणि भाजी बाजूला सारते व मऊ, गुळगुळीत, बहुधा गोड पदार्थांकडे वळते. रात्री झोपमोड होते. शाळेत लक्ष लागत नाही. व्याकरणात त, थ, द, ध, न या वर्णांना दंत्य म्हणतात. पुढचे दात अकाली गेल्यास हे उच्चार शिकतानाही अडचण येऊ शकते. शिवाय दुधाचा प्रत्येक दात आपल्याखाली वाढणाऱ्या कायमच्या दाताची जागा राखून असतो. तो वेळेआधी काढावा लागला, तर शेजारचे दात मोकळ्या जागेत सरकतात आणि नवा दात वाकडा येतो किंवा अडकून राहतो.

दुधाचे दात आणखी एका कारणाने नाजूक असतात. दाताच्या पांढऱ्या कठीण कवचाला दंतवल्क म्हणतात. दुधाच्या दातांचे दंतवल्क कायमच्या दातांच्या मानाने सुमारे निम्म्याच जाडीचे असते. म्हणून मोठ्या माणसाच्या दातात जी कीड वर्षानुवर्षे हळूहळू पसरते, ती मुलाच्या दातात काही महिन्यांतच आतल्या मज्जेपर्यंत पोचते.

कीड म्हणजे काय?

दातात अळी शिरते व दात पोखरते, अशी कल्पना अनेक देशांत होती. आपल्याकडे रिंगणीच्या बियांची धुरी घेऊन ही कीड बाहेर काढण्याची रीत होती. फ्रेंच दंतवैद्य प्येर फोशार याने अशा अळ्यांचा शोध घेतला, त्याला त्या कोठेही सापडल्या नाहीत, आणि १७२८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने ही कल्पना नाकारली. पुढे बर्लिन येथे काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८९० साली खरे कारण मांडले. तोंडातील सूक्ष्म जीवाणू अन्नातील साखर व पिष्ट आंबवितात, त्यांपासून आम्ल तयार होते आणि ते आम्ल दातातील खनिज विरघळविते.

हे आम्ल किती वेळ टिकते, हे रॉबर्ट स्टीफन याने १९४० नंतरच्या काही वर्षांत मोजून दाखविले. साखरेच्या पाण्याने चूळ भरताच दातावरील चिकट थरात काही मिनिटांत आम्लता वाढते, आणि ती पूर्ववत होण्यास अर्धा ते एक तास लागतो. लाळ हे आम्ल शमविते आणि विरघळलेले खनिज काही अंशी दाताला परत देते. दाताच्या पृष्ठभागावर अशी झीज आणि भरपाई दिवसभर चालू असते. भरपाईपेक्षा झीज वाढली, की दात किडू लागतो.

यावरून एक साधा हिशेब करता येतो. मुलाने दिवसातून तीन वेळा गोड खाल्ले आणि प्रत्येक वेळी अर्धा तास आम्ल टिकले, तर दातांना दीड तास मारा सोसावा लागतो. तेवढीच साखर त्याने दहा वेळा थोडी थोडी करून खाल्ली, तर हा काळ पाच तासांचा होतो. सकाळी चहात बुडविलेले बिस्कीट, अंगणात खेळताना एक गोळी, रडू लागले म्हणून गुळाचा खडा, पाहुण्यांनी आणलेले चॉकलेट, आजोबांच्या खिशातील पेपरमिंट. यांतले एकेक क्षुल्लक असते, पण दातांच्या दृष्टीने ते निरनिराळे दहा प्रसंग होतात. स्वीडनमधील व्हिपेहोल्म येथे १९४५ पासून काही वर्षे केलेल्या प्रयोगांत हेच दिसून आले: जेवणाच्या वेळी खाल्लेल्या साखरेने दातांची हानी थोडी झाली, जेवणांच्या मधल्या वेळी खाल्लेल्या चिकट मिठायांनी ती फार झाली. हे प्रयोग मनोदुर्बलांच्या संस्थेतील रहिवाशांवर, त्यांच्या संमतीवाचून, जाणूनबुजून त्यांचे दात किडतील अशा रीतीने केले गेले. आज त्यांचा सर्वत्र निषेध होतो. ते ज्ञान ज्यांच्या वेदनांतून मिळाले, त्यांचे स्मरण ते वापरताना ठेवले पाहिजे.

रात्रीची बाटली

वरच्या ओठाआडचे चारही पुढचे दात तपकिरी पडून झिजलेली दोन-अडीच वर्षांची मुले आपण सर्वांनी पाहिली असतील. खालचे पुढचे दात मात्र बहुधा शाबूत असतात. मूल दुधाची बाटली तोंडात धरून झोपते तेव्हा दूध वरच्या दातांभोवती साचते. खालच्या दातांवर जिभेचे आच्छादन असते व लाळही तेथे अधिक पोचते. झोपेत लाळ फार कमी सुटते, त्यामुळे साचलेल्या दुधाचे आम्ल शमविणारे काही उरत नाही. दुधात साखर घातलेली असली, तर हानी अधिक वेगाने होते. अमेरिकेतील एलियास फास या दंतवैद्याने १९६२ साली या प्रकाराचे वर्णन केले, आणि पुढे त्याला 'बाटलीचे तोंड' अशा अर्थाचे नावच पडले.

पूर्वी आपल्या घरांत बोंडल्याने दूध पाजीत. तमिळनाडूत त्याच कामासाठी पालाडै नावाचे चोच असलेले भांडे वापरतात. बोंडले तोंडात धरून मूल झोपू शकत नाही, हा त्याचा एक गुणच होता. वाटी-चमच्याचेही तसेच आहे. भारतात १९९२ च्या कायद्याने दुधाच्या बाटल्यांच्या जाहिरातींवर बंदी घातली आहे. तिचा मुख्य हेतू स्तनपानाचे रक्षण हा आहे.

स्तनपानाविषयी येथे गैरसमज होऊ नये. पहिल्या वर्षात अंगावरचे दूध दातांना अपाय करीत नाही. जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षे व त्यापुढेही स्तनपान चालू ठेवावे असे सांगते. वर्षानंतर मात्र मुलाला वरचे अन्न आणि गोड पदार्थ मिळू लागलेले असतात. अशा वेळी ते रात्रभर अंगावर पीत असेल आणि दात स्वच्छ केलेले नसतील, तर धोका वाढतो. म्हणून स्तनपान थांबवू नये. झोपण्यापूर्वी दात मात्र अवश्य स्वच्छ करावेत. चोखणीला मध किंवा साखर लावण्याची सवय सोडून द्यावी. एक वर्षाच्या आतील बाळाला मध देणे अन्य कारणांनीही धोक्याचे आहे.

उष्टे आणि जीवाणू

अन्नप्राशनाला मराठीत उष्टावण म्हणतात. बंगालात याला 'मुखेभात' आणि केरळात 'चोरूण' म्हणतात. मुलाचे तोंड अन्नाला लागण्याचा हा सोहळा ज्या सुमारास होतो, त्याच सुमारास त्याला दात येऊ लागतात, आणि दातांवर राहणाऱ्या जीवाणूंना घर मिळते.

दात किडविणाऱ्या जीवाणूंपैकी एक प्रमुख जीवाणू इंग्लंडमधील किलियन क्लार्क याने १९२४ साली किडक्या दातांतून वेगळा काढला. अमेरिकेत पॉल कीज याने १९६० साली हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्यांवर प्रयोग केले. ज्यांचे दात किडत नव्हते असे हॅमस्टर किडक्या दातांच्या हॅमस्टरांबरोबर ठेवले असता त्यांचेही दात किडू लागले. माणसांत हे जीवाणू मुलाकडे बहुधा आईच्या लाळेतून येतात. आईने चाखून त्याच चमच्याने भरविणे, घास चावून मऊ करून देणे, ही त्यांची वाट असते. स्वीडनमधील गोटेबोर्ग येथे बिर्गिट्टा कोलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मातांच्याच दातांवर उपचार करून त्यांच्या लाळेतील हे जीवाणू कमी केले. १९८० नंतरच्या काही वर्षांत प्रसिद्ध झालेल्या या कामातून असे दिसले, की अशा मातांच्या मुलांत जीवाणू उशिरा आले आणि त्यांचे दातही कमी किडले.

याचा अर्थ आईने मुलाचा मुका घेऊ नये, असा नाही. हे जीवाणू घरातील इतर माणसांकडून आणि सोबत्यांकडूनही येतात, आणि साखर मिळाल्याखेरीज ते फारसे काही करू शकत नाहीत. या प्रयोगाचा बोध वेगळा आहे: गरोदरपणी आणि बाळंतपणानंतर आईने स्वतःच्या दातांवर उपचार करून घेतले, तर त्याचा लाभ मुलालाही होतो. गरोदरपणी दातांचा इलाज करू नये ही समजूत चुकीची आहे. डॉक्टरांना गर्भारपणाची कल्पना देऊन तो करून घेता येतो.

आईच्या दुसऱ्या एका सवयीचाही येथे उल्लेख केला पाहिजे. महाराष्ट्रात व गोव्यात मशेरी, ओडिशा व छत्तीसगडात गुडाखू, बिहारात गुल, अशा तंबाखूच्या पदार्थांनी दात घासण्याची रीत स्त्रियांत आहे. तंबाखू घातलेल्या दंतमंजनांच्या उत्पादनावर व विक्रीवर १९९२ सालापासून भारतात बंदी आहे. मशेरीने दात बळकट होत नाहीत. तोंडाच्या कर्करोगाचा धोका मात्र वाढतो. मुंबईतील १,२१७ स्त्रियांच्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी सुमारे १०५ ग्रॅमने कमी भरले. आईला मशेरी लावताना रोज पाहणारे मूल पुढे तीच बोटाला लावते.

दातांवर घातलेला आळ

मुलाला ताप आला, जुलाब झाले, तर "दात येत आहेत" असे सांगून ते सोडून देण्याची रीत आहे. ही समजूत आपल्याकडेच होती असे नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये 'दात येणे' हे बालमृत्यूचे कारण म्हणून सरकारी नोंदींत लिहिले जात असे. दात येताना लाळ गळते, हिरडी सुजते, मूल किरकिरते, अंग किंचित कोमट लागते. परंतु कडक ताप किंवा जुलाब दातांमुळे होत नाहीत. याच वयात मूल जमिनीवरच्या वस्तू तोंडात घालू लागते आणि वरचे अन्न खाऊ लागते, म्हणून त्याला जुलाबाचा संसर्ग होतो. तो दातांच्या माथी मारला, तर मुलाला वेळेवर जलसंजीवनी मिळत नाही, आणि मुलाच्या जिवावर बेतते.

कोणी घासावेत, कशाने घासावेत?

पहिला दात दिसला, त्या दिवसापासून तो स्वच्छ करावयास हवा. प्रथम ओल्या मऊ फडक्याने, आणि पुढे लहान, मऊ ब्रशाने सकाळी व रात्री झोपण्यापूर्वी दात घासावेत. राखुंडी, कोळसा, विटेची पूड यांनी दंतवल्क घासले जाऊन झिजते. कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी मोठ्यांना चालते. लहान मुलाच्या दाढांपर्यंत ती पोचत नाही.

फ्लोराइड असलेल्या टूथपेस्टने दंतवल्क आम्लाला अधिक दाद देईनासे होते. तीन वर्षांच्या आतील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी आणि पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. याहून अधिक देऊ नये, कारण लहान मुले ती गिळतात. भारतात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. जमिनीतील पाण्यात फ्लोराइड अधिक असल्यामुळे दात डागाळणे व हाडे विकृत होणे हा रोग १९३७ साली तेव्हाच्या मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात प्रथम नोंदला गेला. महाराष्ट्रातही यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत असे पाणी आढळते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या एका लिटर पाण्यात १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावे. दुसरी सोय नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. अशा भागात राहणाऱ्या मातांनी पेस्टविषयी आरोग्य केंद्रातील डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

तीन-चार वर्षांचे मूल ब्रश हातात धरते, म्हणून त्याला दात घासता येतात असे समजू नये. सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश वडील माणसाच्या हाती असावा. हे काम आईनेच केले पाहिजे असे नाही. वडील, आजी, थोरली बहीण, कोणीही ते करू शकते. आईला सर्व काही ठाऊक असले, तरी स्वयंपाक, शेत किंवा नोकरी आणि धाकटे मूल यांतून रात्री तिला उसंत मिळत नाही. मातांच्या पाहण्यांत ज्ञान आणि आचरण यांत जे अंतर दिसते, त्याला हेही एक कारण आहे. तिला दोष देण्यापेक्षा तिच्या हातातील काम घरातील इतरांनी वाटून घ्यावे.

सहाव्या वर्षी येणारी दाढ

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मूल सहा वर्षांचे होते तेव्हा दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे प्रत्येक बाजूस, वर आणि खाली, एकेक नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून तिचे येणे घरात कोणाच्या ध्यानी येत नाही. ती कायमची असते. सात-आठ वर्षांच्या मुलाची किडलेली दाढ दाखवून "ही पडेल ना?" असे विचारणारे पालक दंतवैद्याकडे नेहमी येतात. दाखविलेली दाढ पुष्कळदा हीच असते. आणि ती गेली, तर तिच्या जागी दुसरी येत नाही.

तिला ओळखण्याची खूण सोपी आहे. जबड्याच्या मध्यापासून एका बाजूने मागे मोजीत जावे. पहिले पाच दुधाचे किंवा त्यांच्या जागी आलेले. सहावी दाढ कायमची. सहाव्या वर्षी येते ती सहावी, असे लक्षात ठेवावे.

महिन्यातून एकदा मुलाला उजेडात बसवून त्याचा वरचा ओठ उचलून पाहावा. हिरडीलगत खडूसारखा पांढरा पट्टा दिसला, तर ती किडीची पहिली पायरी असते. या अवस्थेत गोड कमी करून आणि फ्लोराइड लावून दात सावरता येतो. पट्टा तपकिरी होऊन खळगा पडला असेल, तर दंतवैद्याकडे न्यावे. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचे औषध लावून पुष्कळदा कोरल्यावाचूनही कीड थांबविता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली त्याचा आवश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. त्याने किडलेला भाग काळा पडतो. त्यामुळे दाताला अपाय झाला असे समजून घाबरू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ साली पालघर येथे झाला. त्यात अंगणवाडीतील व शाळेतील मुलांच्या तपासणीत दातांचाही समावेश आहे. पथक गावात येईल तेव्हा मुलाचे दात दाखविण्यास विसरू नये.

हा लेख शाळेत वाचणाऱ्या मुलामुलींनीही एक गोष्ट करावी. आज रात्री घरी गेल्यावर दिव्याच्या उजेडात धाकट्या भावंडाचे दात मोजावेत. सहावी दाढ आली असेल, तर ती आईला दाखवावी आणि ती पडणारी नाही, हे तिला सांगावे.